बरोडा ते बरोसा, व्हाया मनुका

आधी एक गोष्ट क्लिअर करते, मी इथे ऑस्ट्रेलियात मनुका बनवायला आलेले नाहीये.

हे लिहायची वेळ आली कारण बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात (वाडा पाडून अपार्टमेंट होऊन बारा वर्षं झाली पण आम्ही सगळे अजून वाडाच म्हणतो) सध्या सगळ्यांचा हाच समज आहे आणि तो पसरवायला माझी सख्खी आई जबाबदार आहे. झालं असं की खालच्या काकूंनी जिन्यात गाठून विचारलं, पोरगी ऑस्ट्रेलियाला चाललीये म्हणे, कशाचं काम गं? आई म्हणाली द्राक्षांचं. काकू म्हणाल्या, म्हणजे मनुका? आणि आईने एक सेकंद विचार केला आणि म्हणाली, हो, तसंच काहीतरी. झालं. आता परत आल्यावर काकूंना किलोभर मनुका द्यावे लागणार, ते मी इथल्या सुपरमार्केटातून घेऊन ठेवलेत.

आईचाही दोष नाही. गुजरात राज्य झालं १ मे १९६० ला आणि तेव्हापासून ते ड्राय आहे, म्हणजे माझी आई जन्मली तेव्हापासून तिने दारूचं दुकान बघितलं ते फक्त मुंबईला आत्याकडे गेल्यावर, तेही रिक्षातून. अशा घरातली मुलगी एमएस युनिव्हर्सिटीतून मायक्रोबायोलॉजी करते, दोन सीझन नाशिकला एका वायनरीत लॅबमध्ये काम करते (तेव्हाही घरी "फूड प्रोसेसिंग" असंच सांगितलं होतं) आणि मग म्हणते मी ऑस्ट्रेलियाला वाइन करायला जाते, तर आईने काय सांगायचं जिन्यात?

आजोबांनी तर सरळ अबोला धरला. अबोल्याच्या आधी एकच वाक्य बोलले, ते मात्र जोरदार होतं. "सयाजीराव महाराजांनी १९१३ साली बाबासाहेबांना स्कॉलरशिप देऊन अमेरिकेला धाडलं, ते शिकून आले. आणि आता बडोद्याहून तू चालली आहेस, दारू गाळायला." यावर काय बोलणार. मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण तोंडातून शब्द नाही.

व्हिसाचं थोडक्यात सांगते कारण मेसेजमध्ये तेच विचारतात सगळे. आपल्यासाठी ऑस्ट्रेलियाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा २०२४ मध्ये उघडला, सबक्लास ४६२, वय १८ ते ३०, वर्षाला १००० जागा आणि निवड चक्क लॉटरीने. २५ डॉलर भरून नाव टाकायचं आणि देवावर सोडायचं. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही, पण वाइनचा सीझन तसाही तीन-साडेतीन महिन्यांचा असतो त्यामुळे आमच्या लाइनला तो अगदी मापात बसतो. माझं नाव लागलं तेव्हा मी नाशिकला टँकवर चढलेले होते आणि मेल वाचून मोबाइल टँकमध्ये पडता पडता राहिला. बाकी कागदपत्रं, फी, मेडिकल वगैरे कंटाळवाणं आहे, ते सरकारी साइटवर बघा, कुणा एजंटला पैसे देऊ नका, एवढंच.

तर बरोसा. बरोसा व्हॅली, साउथ ऑस्ट्रेलिया. नावामुळे घरी जो घोळ झालाय तो विचारू नका. मामाला फोनवर सांगितलं की मी बरोसाला चाललीये तर तो म्हणतो, अगं बरोड्यालाच तर आहेस तू. मला आधी हा नुसता योगायोग वाटला आणि तो योगायोगच आहे, पण दोन्ही नावांची कुंडली काढली तर मजा आहे. आपलं वडोदरा इंग्रजांच्या जिभेवर बसेना म्हणून बरोडा झालं आणि १९७४ मध्ये परत वडोदरा केलं (आम्ही मराठी माणसं दोन्ही सोडून बडोदाच म्हणतो ते वेगळं). आणि हे बरोसा म्हणजे स्पेनमधलं एक बारोसा, जिथे १८११ मध्ये लढाई झाली होती, तिच्या आठवणीत कर्नल लाइट नावाच्या साहेबाने १८३७ मध्ये इथल्या डोंगरांना नाव दिलं आणि लिहिताना स्पेलिंग चुकलं. ते चुकलेलंच चालू राहिलं. म्हणजे एक उच्चार चुकून झालेलं गाव आणि एक स्पेलिंग चुकून झालेली व्हॅली.

अहमदाबादहून रात्रीची फ्लाइट, सिंगापूरला चार तास, मग ॲडिलेड. विमानात एक कार्ड भरायला देतात, त्यात विचारलंय की गेल्या ३० दिवसांत शेतात वगैरे गेला होता का. मी जानेवारीच्या शेवटी नाशिकला जाऊन आलेले, एक्सपिरियन्स लेटर घ्यायला, आणि गेले तशी बागेत पण शिरलेच. शेजारी बसलेला सुरतचा एक मुलगा म्हणाला, अरे नो लिही ने, कोण बघतंय. पण मला आमच्या नाशिकच्या सरांचं वाक्य आठवत होतं की ऑस्ट्रेलियावाले सोनं सोडतील पण माती सोडणार नाहीत, म्हणून येस लिहिलं आणि खाण्याच्या वस्तूंना पण येस.

ऑफिसरबाईने बॅग उघडली. भाकरवडीची पाकिटं, लिलो चिवडा, गोडा मसाला, हिंग, सगळं एकेक उचलून बघितलं, हिंगाचा वास घेतला आणि मान मागे नेली, पण ठेवून दिलं. मग कपड्यांच्या घडीतून एक वर्तमानपत्राची पुरचुंडी निघाली जी मी आयुष्यात बघितली नव्हती. आत ओला कढीपत्ता. आईने शेवटच्या क्षणी कोंबला होता, "तिकडे मिळेल न मिळेल". माझ्या पोटात गोळा आला. पण मी खाण्याचं येस लिहिलेलं होतं म्हणून दंड वगैरे काही नाही, फक्त तो कढीपत्ता तिने चिमटीत धरून पिवळ्या डब्यात टाकला. मग गमबूट. नाशिकचे माझे गमबूट मी घरी घासून आणले होते, तरी तिने तळव्याच्या खाचेतून एक सुपारीएवढं ढेकूळ काढून दाखवलं, लाल-काळं, आणि बूट घेऊन आत गेली. दहा मिनिटांनी परत आणले तर असे चकाचक की दुकानातून घेतले तेव्हाही नव्हते. फुकटात. मी थँक्यू म्हटलं तर म्हणाली, व्हिंटेजला आलीस का? इथे सीझन म्हणत नाहीत, व्हिंटेज म्हणतात. तू किती व्हिंटेज केलेत, असं विचारतात, आपण किती पावसाळे बघितलेत विचारतो तसं.

एवढी काळजी कशासाठी ते तासाभराने कळलं. वायनरीने एक मुलगा घ्यायला पाठवला होता, चिलीचा, आदल्या आठवड्यात आलेला, आणि आम्ही दोघंही नवखे आपापल्या इंग्रजीत बोलत चाललो होतो. फेब्रुवारी मधला, बाहेर चाळीसच्या आसपास तापमान, गवत सगळं वाळून भाजलेल्या पापडाच्या रंगाचं, मला वाटलं होतं हिरवंगार असेल पण दिसायला एप्रिलमधलं सावली-वाघोडिया रोड, फक्त म्हशी नाहीत. आणि मग बागा सुरू झाल्या आणि कुंपणाला पाट्या. मोठ्या अक्षरात, आत येऊ नका, फायलोक्सेरा.

फायलोक्सेरा हा एक मुळांवर जगणारा बारीक किडा, मूळचा अमेरिकेतला. १८६० च्या दशकात तो युरोपात पोचला आणि फ्रान्सच्या बागाच्या बागा मेल्या. उपाय सापडला तो हाच की अमेरिकन वेलीचा खुंट घ्यायचा आणि त्यावर आपली जात कलम करायची. नाशिकला आपण डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतो ना, ते खारं पाणी आणि दुष्काळ सोसावा म्हणून, पण जगात खुंटाची पद्धत रुळली ती या किड्यामुळे. साउथ ऑस्ट्रेलियात हा किडा अजून शिरलेला नाही. म्हणून इथे वेली स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत आणि म्हणूनच त्या म्हाताऱ्या होऊ शकल्या. माझ्या बुटातलं ढेकूळ त्या बाईने का धुतलं ते त्या पाटीसमोर बसल्या बसल्या समजलं.

म्हाताऱ्या म्हणजे किती, तर इथे २००९ मध्ये वेलींच्या वयाची चक्क यादी केलीये. ३५ च्या पुढे ओल्ड, ७० च्या पुढे सर्व्हायव्हर, १०० च्या पुढे सेंटेनेरियन आणि १२५ च्या पुढे ॲन्सेस्टर. तानुंडा गावात शिराजच्या (लाल वाइनची काळी द्राक्षं) काही वेली १८४३ मध्ये लावलेल्या मानतात, म्हणजे सयाजीराव महाराजांपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या, महाराज १८६३ चे. आपल्याकडे बाग पंधरा-वीस वर्षांची झाली की शेतकरी म्हणतो म्हातारी झाली, काढा. त्यात आपण तिला झोपूच देत नाही, एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, वर्षातून दोनदा कात्री. इथे थंडीत पानं गळतात, वेल झोपते, एकदाच छाटायची. नाशिकला माझ्या एका सहकाऱ्याची आई, द्राक्ष बागायतदार, तिला व्हिडिओ कॉलवर एका शंभरीच्या वेलीचं खोड दाखवलं, माझ्या कमरेएवढं जाड आणि पिळवटलेलं, तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, हिला किती माल येतो? थोडाच येतो म्हटलं. "मग परवडतं कसं?" खरा प्रश्न तोच आहे.

घर म्हणजे वायनरीच्या मागचं एक जुनं शेतावरचं घर, आठ जणं, पाच देश, एक फ्रिज. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा आणि प्रत्येकाच्या कप्प्यातून प्रत्येकाचं काहीतरी गायब होतं, फक्त माझ्या हिंगाच्या डबीला कोणी हात लावत नाही. पहिल्या रात्री मी जेट लॅगमध्ये दोन वाजता उठून स्वयंपाकघरात बसले, बाहेर लांब शेतात दिवे हलत होते, एकदम उंच आणि हळूहळू सरकणारे, मला वाटलं काय आहे हे. ते हार्वेस्टर होते. मशीन ओळीच्या दोन्ही बाजूंनी वेल अंगात घेतं आणि हलवून द्राक्षं पाडतं, आणि हे रात्री करतात कारण दिवसा माल तापतो. म्हणजे माल पहाटे येणार, म्हणजे कुणीतरी पहाटे जागं असणार. तेवढ्यात कळायला हवं होतं की ते कुणीतरी म्हणजे मी.

नाईट शिफ्ट. संध्याकाळी ६ ते सकाळी ६.

मी मनात काय चित्र घेऊन आले होते सांगू? की मी ग्लास फिरवतेय, नाक घालतेय, नोट्स लिहितेय, शिराजमध्ये मिरी आहे का आलुबुखार. पहिल्या रात्री सुपरवायझरने (माझ्या आईच्या वयाची बाई, दंड मात्र गदाधारी भीमाचे) माझ्या हातात पाइप दिला आणि म्हणाली, ही तुझी वाइनमेकिंग. पाइप, स्क्वीजी (फरशीवरचं पाणी ओढायचा वायपर), कॉस्टिक सोडा, पाणी, सायट्रिक ॲसिड, पाणी. टँक धुवायचा, पाइप धुवायचा, पंप धुवायचा, ज्याने धुतलं ते धुवायचं. बारा तासांत मी वाइनचा एक थेंब बघितला नाही. सकाळी सहा वाजता पायात दीड लिटर पाणी आणि तळहाताला दोन फोड. वाइन म्हणजे ऐंशी टक्के भांडी घासणं आहे हे मला नाशिकला कळलं नव्हतं कारण तिथे मी लॅबमध्ये होते आणि घासणारे वेगळे होते. ही गोष्ट मला दोन-तीन दिवस खुपत राहिली, की दोन सीझन माझ्या मागे घासणाऱ्या मावशींचं मी नाव विचारलं होतं का. एकीचं विचारलं होतं.

त्या आधी सेफ्टीचं लेक्चर होतं, आणि त्यातली एक गोष्ट सांगते कारण ती मी कधी विसरणार नाही. रस आंबतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड निघतो, तो हवेपेक्षा जड, खाली साठतो, दिसत नाही. रिकामा दिसणारा टँक रिकामा नसतो. आपल्या साध्या हवेत हा वायू ०.०४ टक्के असतो, आणि आमच्या खिशाला लावलेलं मॉनिटर ०.५ टक्क्याला ओरडायला लागतं. सुपरवायझर म्हणाली, तुझा मित्र टँकमध्ये पडलेला दिसला तर तू आत उडी मारायची नाहीस, तू आरडाओरडा करायचा, कारण उडी मारलीस तर दोन प्रेतं. मला एकदम आपल्याकडच्या बातम्या आठवल्या, गटारात एक उतरला, त्याला काढायला दुसरा, त्याला काढायला तिसरा. दर थोड्या दिवसांनी तीच बातमी. इथे एका तात्पुरत्या, तीन महिन्यांच्या मुलीच्या छातीला मॉनिटर आहे आणि तिकडे दोरीसुद्धा नाही. असो. असो म्हणायची गोष्ट नाहीये पण असो.

चौथ्या दिवशी शिराज आलं आणि मग मात्र खरं सुरू झालं. पहाटे साडेतीनला ट्रक वजनकाट्यावर, मग माल हौदात, हौदाच्या तळाशी फिरणारा मोठा स्क्रू, तिथून क्रशरमध्ये. द्राक्षाबरोबर जे बाकी येतं त्याला म्हणतात मॉग, म्हणजे द्राक्ष सोडून सगळं. पानं, काड्या, गोगलगायी, एकदा एक सरडा, तो जिवंत निघाला आणि चालत गेला. मी चिलीच्या मुलाला सांगितलं की आमच्या गोव्यात मोग म्हणजे प्रेम, तर आता तो रोज पहाटे हौदावर उभा राहून ओरडतो, आज खूप प्रेम आलंय.

साखर मोजायला नाशिकला ब्रिक्स वापरायचो, इथे बोमे. एक बोमे म्हणजे साधारण १.८ ब्रिक्स, आणि बोमेची गंमत ही की जेवढे बोमे तेवढाच साधारण टक्के अल्कोहोल होतो. साडेतेरा बोमेचा रस म्हणजे साडेतेराच्या आसपासची वाइन. पहिले दोन दिवस मी प्रत्येक आकडा मनात १.८ ने गुणत होते, पावणेदोननेच गुणलं गेलं एकदा आणि माझी सगळी शीट चुकली.

दीड दिवसात टँक बोलायला लागतो. खरंच बोलतो, कान लावला तर आतून बारीक चुरचुर ऐकू येते. सालं सगळी वर तरंगतात आणि त्यांचा एक जाड थर बसतो, त्याला कॅप म्हणतात, खाली वायू त्याला ढकलत असतो. ती कॅप कोरडी पडू द्यायची नाही, म्हणून खालून रस ओढायचा आणि वरून फवारायचा, दिवसात दोन-तीन वेळा, प्रत्येक टँक. वरच्या कॅटवॉकवर उभं राहून पाइप फिरवायचा, गरम वाफ तोंडावर, आणि तो वास! मला तो वास ओळखीचा वाटत होता आणि कुठला ते तीन दिवस लागेना. मग लागला. ढोकळ्याचं पीठ. हिवाळ्यात आई तांदूळ-डाळीचं पीठ भिजवून पातेलं शालीत गुंडाळून गॅसच्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवते आणि सकाळी झाकण उघडून म्हणते, आथो आला, म्हणजे पीठ आंबलं. तेच. शिराजच्या दहा टनाच्या टँकला आथो आला होता. मी हे आईला फोनवर सांगितलं. इथले घड्याळ आपल्यापेक्षा बरोबर पाच तास पुढे, म्हणजे माझ्या रात्री बाराच्या सुट्टीला (सुट्टीला इथे स्मोको म्हणतात, कोणी ओढो न ओढो) तिकडे संध्याकाळचे सात, आई देवापुढे दिवा लावून नुकतीच उठलेली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शाल कुठून आणली?" मी म्हटलं, टँकला जॅकेट असतं, त्यातून गार नाहीतर गरम पाणी फिरतं. "हां, म्हणजे शालच."

हात बघून मात्र ती घाबरली. काळेनिळे, नखांच्या कडा तर शाईच्या. मी आधी साबणाने घासघास घासले आणि ते आणखी निळे झाले. मग आमच्या घरातल्या फ्रेंच मुलीने मला सायट्रिकच्या बादलीत हात बुडवायला लावले आणि डोळ्यादेखत निळ्याचे लाल झाले आणि लाल धुवून निघालं. मायक्रोबायोलॉजीची डिग्री असून मला ते सुचलं नव्हतं. द्राक्षाचा रंग आम्लात लाल राहतो आणि साबणात निळा पडतो, आपल्या हळदीच्या डागावर साबण लावला की तो लाल होतो ना, त्यातलाच प्रकार, फक्त उलटा. फोड आलेल्या तळहातावर सायट्रिक लागलं की मात्र ब्रह्मांड आठवतं.

आता माझा पराक्रम. दुसऱ्या आठवड्यात प्रेसखालून (सालं पिळायचं मशीन) टँकमध्ये वाइन पाठवत होते. मी पाइपचं कपलिंग हाताने आवळलं, पाना लावला नाही, पहाटेचे पाच, डोळ्यात झोप, पंप चालू केला आणि पाइप निघाला. तो सापासारखा नाचला आणि शिराज छतापर्यंत. मी किंचाळत पाइप पकडायला धावले. सुपरवायझरने लांबून येऊन शांतपणे पंपाचं बटण बंद केलं आणि म्हणाली, आधी पंप, मग किंचाळ. दीडशे लिटरच्या आसपास गेली. माझ्या केसांतून, चष्म्यातून, आणि नाल्यातून. मला रडू येत होतं आणि एकीकडे एकदम हसूच फुटलं, कारण बडोद्यात लहानपणापासून पेपरमध्ये एक फोटो ठरलेला, पकडलेल्या बाटल्या रस्त्यावर मांडून पोलीस वरून रोडरोलर फिरवतात. मी म्हटलं, गुजरातची मुलगी आहे, दारू नष्ट करणं आमच्या रक्तात आहे. ते इंग्रजीत समजावून सांगेपर्यंत त्यातली गंमत गेली पण चिलीचा मुलगा एवढा हसला की त्याने माझ्याबरोबर फरशी ओढायला मदत केली. पगारातून काही कापलं नाही. आता प्रत्येक कपलिंगला पाना, आणि मग परत एकदा पाना.

आणि हो, प्यायले का? सगळ्यांचा दुसरा प्रश्न. चाखावी लागते, रोज, प्रत्येक टँक, पण थुंकायची. लांब, बारीक धारेत, नाल्याच्या बरोबर मध्ये. इथले जुने लोक पाच फुटांवरून नेम धरतात. माझी हनुवटी पहिला आठवडा लाल होती. शेवटी मी बडोद्यातल्या मांडवीच्या पानाच्या गल्ल्यावरचे (टपरीवरचे) काका डोळ्यासमोर आणले, ते बोलता बोलता मान न वळवता कसं करतात ते, आणि जमलं. सुट्टीच्या दिवशी मात्र सगळे बिअर पितात. वाइन कोणी बघतही नाही.

वजनकाट्यावर एक आजोबा असतात, सत्तरी उलटलेली, स्वतःची बाग मुलाकडे दिलीये आणि व्हिंटेजला फक्त काट्यावर बसतात. पहाटे दोन ट्रकांच्या मध्ये कधी कधी अर्धा तास मिळतो तेव्हा ते बोलतात. त्यांचे पूर्वज सायलेशिया या प्रशियाच्या प्रांतातून आलेले जर्मन, लुथरन पंथाचे. प्रशियाच्या राजाने चर्चच्या प्रार्थनेत ढवळाढवळ केली म्हणून गावंच्या गावं उठून इकडे आली, बरोसात १८४२ पासून. त्यांनी आपली भाषा जपली, पण ती इथे राहून राहून वेगळीच झाली, इंग्रजी शब्द शिरले, जुने शब्द तसेच राहिले, जर्मनीचा माणूस ऐकून हसेल अशी. तिला बरोसा डॉइच म्हणायचे. मग पहिलं महायुद्ध आलं, १९१७ मध्ये जर्मन शाळा बंद केल्या आणि कायदा करून ६९ गावांची जर्मन नावं बदलली. आजोबांची आजी घरात दार लावून ती भाषा बोलायची. यांना आता येते ती फक्त जेवणाआधीची प्रार्थना आणि दोन शिव्या. दोन्ही म्हणून दाखवल्या मला, प्रार्थना टोपी काढून.

मी त्यांना आमचं सांगितलं. की गायकवाडांबरोबर आम्ही अठराव्या शतकात गुजरातेत गेलो आणि तिथेच राहिलो, आणि आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसतात. नाशिकला पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं "बटाट्याचं शाक मस्त झालंय ने" आणि अख्ख्या मेसमध्ये शांतता पसरली होती. दोन सीझन माझं नावच "ने" पडलं. मी ते तोडायचा खूप प्रयत्न केला, खरं तर, आरशासमोर उभी राहून ने न लावता बोलायची. काट्यावरच्या आजोबांनी विचारलं, ने म्हणजे काय? मी विचार केला आणि मला अर्थच सांगता येईना. म्हणजे, बरोबर ना, असं. ते म्हणाले आमच्याकडे पण होतं, आजी प्रत्येक वाक्याच्या शेवटी नेsss करायची. जर्मनमध्ये पण ने आहे, तोच अर्थ! खोटं वाटेल पण आहे, मी नंतर फ्रेंच मुलीच्या जर्मन बॉयफ्रेंडला विचारून खात्री केली. आता पहाटे ट्रक आला की ते काट्याच्या खिडकीतून ओरडतात, "शिराज, ने?" आणि मी खालून ओरडते, "हो ने!"

राहिले आमचे आजोबा. दांडिया बाजारवाले, अबोलावाले.

महिनाभर ते फोनवर आले नाहीत. आई कॅमेरा त्यांच्याकडे फिरवायची, ते पेपर वर करायचे. मग एका रात्री मी आईशी बोलत होते आणि मागे आमच्यातलं कोणीतरी ओरडलं, टँक एकोणीसला डीएपी टाकलं का? आणि पेपरच्या मागून आवाज आला, "काय टाकलं?"

माझे आजोबा फर्टिलायझरनगरला खताच्या कारखान्यात तीस वर्षं केमिस्ट होते. डीएपी, डायअमोनियम फॉस्फेट, हा शब्द आमच्या घरात चहा-साखरेसारखा होता. मी म्हटलं, आजोबा, डीएपी. यीस्टला नायट्रोजन कमी पडला तर ते उपाशी राहतं आणि मग हायड्रोजन सल्फाइड सोडतं, सडक्या अंड्याचा वास येतो टँकला, म्हणून थोडं डीएपी घालतात.

पेपर खाली आला. "उपाशी राहिलं की वास मारतं?"

हो.

"किती घालता?"

लिटरला २०० मिलिग्रॅम म्हटलं, दहा हजार लिटरला दोन किलो.

"खताच्या पोत्यावर १८-४६ असतं, म्हणजे नायट्रोजन १८ टक्के. तुमचं शुद्ध असणार, त्यात नायट्रोजन २१ निघायला पाहिजे. तू कशाने हिशोब केलास?"

मी गप्प. मी हिशोब केलाच नव्हता, शीटवर लिहिलेलं मोजून टाकलं होतं. ते म्हणाले, आधी हिशोब कर आणि मग टाक, आणि पोत्यावर काय छापलंय ते वाचून मला सांग. मी स्मोको संपल्यावर गोडाऊनमध्ये जाऊन पोत्याचा फोटो काढून पाठवला. त्यांनी आईच्या फोनवर तो मोठा करून वाचला म्हणे, चष्मा पुसून, दोनदा.

आता रोज सात वाजता, म्हणजे माझ्या बाराला, आई फोन उचलते आणि मी काही बोलायच्या आत मागून येतं, "आज किती टाकलं?" वाइन हा शब्द त्यांनी अजून उच्चारलेला नाही. काल खालच्या काकू बसायला आल्या होत्या, त्यांनी विचारलं, मनुक्यांचं कसं चाललंय, तर आजोबाच म्हणाले, चांगलं चाललंय, खत वेळेवर घालते.